नावाडी बोलत नाही

बोग्ना स्कीबाचा अंगठा उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात रुतला होता, तेव्हा ओट्यावरचा फोन थरथरला. रविवारच्या जेवणाचे क्लुस्की चालले होते. प्रत्येक गोळ्याच्या मधोमध अंगठ्याने एक खळी पाडायची, म्हणजे वरून ओतलेला रस्सा तिच्यात साचतो. बिनखळीचा गोळा कातोवित्समध्ये कुणी ताटात घेत नाही. घेतलाच, तर तो माणूस वॉर्सावरून आला असावा असं धरून चालतात आणि त्याच्याशी हळू बोलतात. बोग्नाने कोपराने फोन स्वतःकडे वळवला. ‘ओला मोजा’ नावाच्या छोट्या कंपनीने आपल्या ‘पल्याड’ या नव्या गेममध्ये काय काय दुरुस्त केलं ते जाहीर केलं होतं. बदकं आता भिंतीतून आरपार जात नाहीत. पाद्रीबुवा आता दोन ठिकाणी एकाच वेळी दिसत नाहीत. आणि त्याखाली: तिसऱ्या भागात नावाड्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, ते आता येतं, चूक आमची, माफी असावी. बोग्नाने ते वाचलं आणि पुढच्या गोळ्याला खळी पाडताना तिचा अंगठा त्याच्या पार पलीकडे निघाला.

कारण या ओळीच्या आधीपर्यंत ती राणी होती. ‘तळघर’ या मासिकात ती नव्या गेमची आणि नव्या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहायची, आणि ‘तळघर’चे वाचक म्हणजे साधी माणसं नव्हेत. चार घराण्यांतल्या ड्रॅगनांची वंशावळ त्यांना तोंडपाठ असते आणि स्वतःच्या मावशीचं नाव विचारलं तर ते थोडा वेळ मागतात. या लोकांसमोर तिने ‘पल्याड’ला दहापैकी दहा दिले होते. ‘तळघर’मध्ये दहा कुणी देत नसे. सगळे सात द्यायचे. सात म्हणजे आवडलं नाही, पण भांडायचं नाही. फार भारावून गेलेला माणूस साडेनऊपर्यंत जायचा आणि तिथे कड्याच्या टोकाला आल्यासारखा थबकायचा. याला कारण मासिकाच्या संस्थापकाने घालून दिलेला नियम: जो दहा देईल त्याने मासिकाच्या वार्षिक जत्रेत वाचकांसमोर उभं राहून आपलं परीक्षण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायचं. घरी पायजम्यात बसून दहा कुणीही देतो, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. तोंडावर देऊन दाखवा. बोग्नाच्या आधी एकाच परीक्षकाने हे धाडस केलं होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी तो पोर्तुगालला निघून गेला. तो तिथे सुखात आहे म्हणतात. नाताळला त्याचं कार्ड येतं.

बोग्नाने दहा दिले होते ते नावाड्यामुळे. गेममध्ये आपण एक पोस्टमन असतो आणि नदीपलीकडच्या गावात टपाल पोचवायचं असतं. नावाडी दर खेपेला नेतो, आणतो, हवेबद्दल बोलतो. तिसऱ्या भागात आपण त्याला विचारतो, ‘तुमच्या घरी कोण कोण आहे?’ नावाडी वल्हं थांबवतो, आपल्याकडे पाठ करतो आणि नदीकडे बघत उभा राहतो. काहीच बोलत नाही. पाणी तेवढं नावेला लागत राहतं. इतका वेळ, की खेळणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं, विचारायला नको होतं. मग तो वल्हं उचलतो. बोग्नाने यावर तीन परिच्छेद लिहिले. आमच्या भाषेतल्या गेमने आजवर केलेली ही सर्वांत धाडसी गोष्ट आहे, असं लिहिलं. ही पाठ लिहिणाऱ्या लेखकाला मी एकदा भेटू इच्छिते, असंही लिहिलं. आणि आता कळत होतं, की ती गप्प पाठ लेखकाने नव्हे, कुणाच्या तरी विसरभोळेपणाने लिहिली होती.

“काय झालं?” तिचे वडील आलोइझ टेबलाशी बसून सुरी पुसत होते. खाणीतून निवृत्त झाल्यापासून ते फार गोष्टी पुसत असत.

“नावाडी बोलायला लागला, बाबा.”

“कोणता नावाडी?”

“कामातला.”

“बोलू दे की. वल्हवून वल्हवून कंटाळला असेल.” आणि त्यांनी सुरी उजेडात धरून पाहिली. तेवढ्यात शेजारचे गेरार्डकाका नेहमीप्रमाणे दार न वाजवता लंगडत आत आले. ते दर रविवारी यायचे, गोळे खायचे आणि जाताना आलोइझकडून एखादं कबूतर उसनं न्यायचे. पायाला काय झालं असं बोग्नाने लहानपणी विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, हंस चावला. मोठेपणी पुन्हा विचारलं तेव्हाही हंसच चावला होता. “ही खळी आहे का भुयार?” आरपार गेलेला गोळा काट्यावर उचलून गेरार्डकाकांनी विचारलं. “आलोइझ, तुझी पोरगी आता आपल्या धंद्यात उतरली.”

जेवण अर्ध्यावर असताना संपादक कोर्नेलचा फोन आला. बोग्ना फोन घेऊन जिन्यात गेली.

“बसली आहेस का तू?”

“जेवतेय.”

“बसून जेव. बोग्ना, आठ करू या. आठ हा फार अब्रूदार आकडा आहे. खाली दोन ओळींची दिलगिरी टाकू. आठ केले की जत्रेत उभं राहणंही टळलं.”

“दुरुस्ती केली म्हणजे गेम सुधारला ना?”

“म्हणजे काय! आवाज आला, बदकं सरळ झाली.”

“मग सुधारला म्हणून दोन गुण कापायचे?”

“हे छापता येणार नाही,” तो म्हणाला. “हे बघ, लोक मला म्हणतायत, ‘तुमच्या या बाईला मौन आणि बिघाड यांतला फरक कळत नाही.’”

“तुला कळतो?”

“मी संपादक आहे गं, मला कळून काय करायचंय? मालक म्हणतायत, आठ कर. नाही करायचे तर नियमाप्रमाणे जत्रेत उभी राहा. पण तिथे हुर्यो उडाली तर पुढच्या अंकापासून तुझं सदर बंद. मी तुझ्या बाजूने बोललो होतो, पण फोन लागत नव्हता.”

हुर्यो उडणार यात शंका नव्हती, कारण ती उडू लागलीच होती. संध्याकाळपर्यंत वाचकांनी बंद पडलेल्या लिफ्टचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘वर न जाण्याचा धाडसी निर्णय, दहापैकी दहा.’ कुणी रिकामा फ्रिज टाकला, ‘अन्नाची अनुपस्थितीच इथे बोलते.’ एकाने आपल्या न आलेल्या पगाराचं सविस्तर परीक्षण लिहिलं. बोग्ना पलंगावर उताणी पडून हे सगळं वाचत होती. तिला राग येत नव्हता, ही त्यातली वाईट गोष्ट. लिफ्टचं परीक्षण खरंच चांगलं होतं. त्यातलं एक वाक्य तर तिला सुचलं असतं तर तिने ते नावाड्याला वापरलं असतं. मग तिच्या मनात एक थंड शंका हळूच येऊन बसली, ओल्या चपला घालून पाहुणा गालिच्यावर येऊन बसतो तशी. आजवर आपण काय काय वाखाणलं आहे? ती काळाबद्दलची जाडजूड कादंबरी आठवली. तिच्यातली काही पानं दुसऱ्यांदा येतात. नायक पुन्हा त्याच दारातून आत शिरतो, तोच चहा पितो, दारावरची तीच थाप ऐकतो, आणि बोग्नाने लिहिलं होतं, ‘काळाच्या या वेटोळ्यात आपणही अडकतो.’ पुढे ग्रंथालयातली प्रत चाळताना दिसलं, की तिथे नायक एकदाच चहा पितो. छापखान्याने तिच्या प्रतीत पानांचा एक जुडगा दोनदा बांधला होता. तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. वर त्या लेखकाचं आभाराचं पत्र आलं: ‘माझ्या कादंबरीतलं वेटोळं तुम्ही एकट्यांनीच ओळखलंत.’ तेव्हा ती हसून हसून खुर्चीवरून पडली होती. आता पलंगावर पडूनही तिला खुर्चीवरून पडल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर एक अनोळखी, अगदी मऊ आवाज आला. “बाई, मी त्सेझारी. ओल्या मोज्यात आवाजाचं सगळं मी बघतो.”

“बोला.”

“नावाड्याचं बोलणं माझ्या मामांनी म्हटलंय. मामा पूर्वी रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. अख्खा हिवाळा आम्ही बसलो त्यावर. नदीच्या काठावर जाऊन वारा वेगळा गोळा करून आणला. आणि गेम बाहेर काढताना तीच फाइल जोडायची राहिली.” तो थांबला. त्यालाही थांबायची सवय होती, हे बोग्नाच्या लक्षात आलं. “तुम्ही दहा दिलेत याचा आनंद आहे, बाई. आईने केक वाटला. पण मला रात्री झोप लागत नाही. तुम्ही दहा दिलेत ते माझ्या गैरहजेरीला दिलेत.”

यावर काय म्हणायचं ते बोग्नाला सुचलं नाही. माणूस न बोलता राहिला की ते मौन समजायचं की बिघाड, हा प्रश्न आता तिच्याच बाबतीत उभा होता. “तुमचा वारा छान होता,” ती अखेर म्हणाली.

मग तिने दुरुस्त झालेला गेम लावला. टपाल घेतलं, नावेत बसली. बदकं भिंतीला वळसा घालून गेली. तिला उगीचच त्यांची दया आली. ‘तुमच्या घरी कोण कोण आहे?’ नावाड्याने वल्हं थांबवलं, पाठ केली आणि बोलू लागला. बायको पुरात गेली. मुलगा पलीकडच्या गावात आहे, पण तिथे जायचं धाडस होत नाही, म्हणून रोज इतरांना नेतो. मामांचा आवाज खरंच चांगला होता, खोल, थोडा खरखरीत. फक्त बायको पुरात गेली हे ते अशा सुरात सांगत होते, की वाटावं पुढची बायको फलाट दोनवर येत आहे. लिहिलेलंही वाईट नव्हतं. बोग्नाने दहा वेळा पाहिलं असतं तरी तिला त्यात चूक काढता आली नसती. पण ती नावेत बसून नुसती ऐकत राहिली, जसं आपण डॉक्टरकडे ओळीत बसून शेजारणीच्या सुनेची हकिकत ऐकतो. सात, तिच्या मनात आपोआप आलं. मग पहिल्यांदा जे झालं होतं ते कशाने झालं होतं? तेव्हा तिचा हात हवेत थांबला होता. तोंडात चहाचा घोट होता आणि तो तिने गिळला नव्हता.

घोट न गिळणं हे तिला ठाऊक होतं. त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आलोइझ खाणीत बचाव पथकात होते. खाली छत कोसळलं की ते लोक खणत आत जायचे, आणि मध्येच सगळे थांबायचे. यंत्रं बंद, फावडी बंद, खोकला बंद. कुणीतरी नळीवर ठोकायचं आणि मग सगळे ऐकायचे, पलीकडून कोणी ठोकतंय का. ही सवय ते घरी घेऊन यायचे. सूप पिता पिता, वाक्याच्या मध्यावर, आलोइझ थांबायचे. मान किंचित वाकडी, डोळे कुठेच नाहीत. आणि टेबलाभोवतीचे सगळे चमचे आपापल्या उंचीवर थांबायचे. फ्रिज गुरगुरायचा, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढायचं. मग आलोइझ वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलायचे. “…म्हणून मी त्याला म्हटलं, ते कबूतर नाहीच.” बोग्ना शाळेत नुकती जाऊ लागली होती तेव्हा खाली मोठी दरड पडली. दोन माणसं अडकली होती. आलोइझ किती तरी दिवस घरी आले नाहीत. आले तेव्हा ती एकटी टेबलाशी सूप पीत बसली होती. ते दारात उभे राहिले, पापण्यांच्या कडांना कोळसा, जसा सिनेमातल्या नट्यांना असतो. तिने विचारलं, “बाबा, सापडले का?” त्यांनी तोंड उघडलं. तिने चमचा ओठांशी धरून श्वास रोखला. आणि ते बोलले नाहीत. पाठ फिरवून खिडकीकडे बघत उभे राहिले, मग कबुतरांच्या दाण्यांचा डबा उचलून माळ्यावर निघून गेले. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, तिने पाठ पाहिली होती. शाळेत दरडीचा विषय निघाला की ती मुतारीत जायची. तिथून पुढे तिच्या आयुष्यात जे काही चांगलं लिहिलेलं, चांगलं खेळलेलं भेटलं ते सगळं तिने त्या पाठीशी लावून पाहिलं होतं, कापड दाराशी उजेडात नेऊन पाहतात तसं. सात, सात, साडेसात. आणि मग एका ओल्या मोज्याने चुकून ती पाठ जशीच्या तशी तिच्यासमोर आणून उभी केली.

म्हणजे दहा बरोबर होते! हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती मोरीत दात घासत होती, आणि तिला असा काही आनंद झाला की तिने ब्रश तोंडात ठेवूनच कोर्नेलला फोन लावला. चुकून झालं म्हणून काय झालं? फाइल विसरली त्याची असेल, पण श्वास तिचा थांबला होता, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. ती फेसाळत, तोंडातून पांढरे शिंतोडे उडवत म्हणाली, “दहा ते दहाच. उभी राहते.”

“काय म्हणालीस? काही कळलं नाही,” कोर्नेल म्हणाला. “पण सूर धाडसी वाटला.”

जत्रा बंद पडलेल्या खाणीच्या आंघोळघरात भरणार होती. हे कळल्यावर आलोइझ म्हणाले, “मग मीही येतो. माझी साखळी खिडकीजवळची होती. बघतो आहे का.” पूर्वी खाणकामगार पाळी संपली की तिथे आंघोळ करायचे. कपडे आकड्याला लावून साखळीने वर छताशी ओढून ठेवायचे आणि साखळी खालच्या लोखंडी नळीला बांधायचे. अख्ख्या छताला शेकडो माणसांचे कपडे माणसांशिवाय लोंबकळत असायचे. आता तिथे पुठ्ठ्याच्या तलवारी, झगे आणि एक फुगवता येणारं ड्रॅगनाचं पोर टांगलं होतं. ज्या कोपऱ्यात साबण मिळायचा तिथे चित्रकथा विकायला होत्या. “साबण महाग होता,” आलोइझ किमती बघून म्हणाले, “पण इतका नाही.” मग ते आपली साखळी शोधत खिडकीकडे गेले, ती सापडली, आणि ते त्याखालच्या बाकावर आपल्या घरात बसावं तसे बसले. एका बाजूला कुणी जादूगारीण, दुसऱ्या बाजूला एक हिरवा ड्रॅगन, शेपूट सांभाळत.

आत काय शिजलंय ते बोग्नाला आधीच कळलं होतं. असे कट गुप्त राहत नाहीत, कारण कट करणाऱ्यांना त्यांचं कौतुक हवं असतं. ती वाचता वाचता नावाड्याच्या परिच्छेदाशी आली की पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक लांबलचक मुलगा हात वर करणार, सगळ्यांनी पाठ फिरवायची, नावाड्यासारखं गप्प उभं राहायचं, आणि ती पुरती कानकोंडी झाली की त्याने पिपाणी वाजवायची. मग हशा. कोर्नेल रंगमंचामागे तिच्या बाजूला उभा होता. त्याचा चेहरा पायाचा अंगठा ठेचल्यासारखा होता. “आठ अजून होऊ शकतात,” तो कुजबुजला. “आत्ता सांग, मी माइकमध्ये बिघाड करतो.”

“बिघाड केलास तर मी त्याला दहा देईन,” बोग्ना म्हणाली आणि पुढे गेली.

ती वाचू लागली. आवाज पहिल्यांदा थोडा घसरला, मग लागला. नदी, टपाल, बदकं. बदकांशी लोक हसले, आणि ते हसणं वाईट नव्हतं. ‘आणि मग आपण नावाड्याला विचारतो, की तुमच्या घरी,’ असं ती म्हणत होती आणि समोर चिलखती हात वर गेला. एकदम सगळी माणसं उठली आणि फिरली. ही हालचाल मोठी देखणी झाली, पंख, शेपट्या, ढाली, सगळं एका दिशेने सळसळून थांबलं. बोग्नासमोर आता नुसत्या पाठी होत्या. ड्रॅगनाच्या पाठीवर चेन होती आणि ती अर्धी उघडी होती. आतून त्याच्या बनियनवर कुठल्याशा शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव दिसत होतं. जादूगारिणीच्या झग्याला किमतीची चिठ्ठी लटकत होती. चिलखताच्या मागच्या बाजूला पुठ्ठ्यावर ‘नाजूक वस्तू, ही बाजू वर’ असं छापलेलं होतं. तिला वाटलं होतं आपण घाबरू. पण तिला आत कुठेतरी फार ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं एक पाठ पाहिली, आता या एवढ्या सगळ्या आल्या. तिने पुढचं वाक्य वाचलं नाही. तीही थांबली. छताशी एक साखळी बारीक किणकिणली. पुठ्ठा करकरला. कुणीतरी नाक ओढलं. चिलखती मुलाने पिपाणी तोंडाशी नेली होती; ती तिथेच राहिली. बोग्नाला मागून त्याचं कोपर दिसत होतं, ओठांशी चमचा धरल्यासारखं. विनोदाची वेळ टळून गेली होती आणि तरी कुणी हलत नव्हतं, कारण पाठ फिरवलेल्या प्रत्येक माणसासमोर दुसऱ्याची पाठ होती, आणि शेवटच्या ओळीसमोर पांढऱ्या फरशीची भिंत होती. आणि या गावात कुणाचा तरी आजोबा, कुणाचा बाप कधी ना कधी या भिंतीशी उघडा उभा राहून पाठीवरचा कोळसा धूत होता. हे त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. चेन उघडी असलेला ड्रॅगन मात्र खांद्यांतून हलत होता, आणि तो हसत नव्हता.

मग तिला दिसलं, की सगळ्या पाठींच्या मधोमध एक चेहरा आहे. खिडकीजवळ आलोइझ बसून होते. त्यांना विनोद कुणी सांगितलाच नव्हता. ते सरळ तिच्याकडे बघत होते, मान किंचित वाकडी. त्यांनी शेजारच्या लोखंडी नळीवर बोटांच्या पेरांनी ठोकलं. थांबले. पुन्हा ठोकलं. नळी भिंतीभोवती फिरत सगळ्या आंघोळघराला वळसा घालून रंगमंचाच्या कठड्याला येऊन भिडत होती, आणि ते ठोकणं बोग्नाच्या तळहाताखाली आलं. तिने कठड्यावर ठोकून उत्तर दिलं. क्षणभर काहीच नाही. मग ड्रॅगनाने, न वळता, आपल्या पंजाने नळीवर ठोकलं. मग जादूगारिणीने. मग कुणी बाकावर, कुणी ढालीवर, आणि चिलखती मुलाने स्वतःच्या छातीवर असं ठोकलं की चिलखत फाटलं. छताशी साखळ्या थरथरू लागल्या, झगे नाचू लागले, ड्रॅगनाचं पोर फुस्स करून हवा सोडू लागलं. आणि लोक एकेक करून वळले, कुणाचे रंगवलेले डोळे गालांवर उतरलेले. बोग्नाने कागद उचलला आणि उरलेलं वाचून काढलं, शेवटपर्यंत, आकड्यासकट. “दहा,” ती म्हणाली. पिपाणी तेव्हा वाजली. फार वाईट वाजली, आणि तिच्यावर पडलेल्या टाळ्यांनी खिडकीची एक काच खरोखर निखळली. कोर्नेलने मागून येऊन तिला मिठी मारली आणि आपण पहिल्यापासून दहाच्याच बाजूचे होतो, सदर कसलं बंद होतंय, असं माइकमध्ये जाहीर केलं. गर्दीतून त्सेझारी मामांना हाताला धरून घेऊन आला. तो म्हणाला, पुढच्या दुरुस्तीत आवाज काढून टाकतो. मामा स्टेशनच्या आवाजात म्हणाले, “मलाही तो न बोलताच बरा वाटतो. पण माझं नाव राहू द्या. ‘नावाड्याचं मौन’, आणि पुढे माझं नाव.” ते लगेच मान्य झालं.

नंतर ती आणि आलोइझ बाहेर व्हरांड्यात भाजलेलं सॉसेज आणि पाव घेऊन उभे होते. ड्रॅगनही शेजारी उभा राहून खात होता, पंजांना मोहरीची चटणी. जिंकलेल्या माणसाला भूक लागते तशी तिला लागली होती, आणि जिंकलेला माणूस विचारतो तसं तिने सहज विचारलं, “बाबा, तुम्ही का ठोकलंत?”

“इतक्या लोकांनी पाठ फिरवली. म्हटलं, तू आहेस का बघावं.”

मग तिने, सॉसेज अर्धं खाऊन झाल्यावर, तेही विचारलं. “त्या दरडीच्या वेळी… ते दोघं. सापडले होते?”

“सापडले की,” आलोइझ म्हणाले. “जिवंत. एकाचा पाय गेला कामातून. तोच तो, गेरार्ड.”

“गेरार्डकाका? त्यांना हंस चावला होता ना?”

“हंस कशाला चावेल?”

बोग्नाचा पाव तोंडाशी थांबला. “मग मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं का नाहीत? पाठ का फिरवलीत?”

आलोइझना आठवायला थोडा वेळ लागला. “सांगणारच होतो,” ते म्हणाले. “पण तू चमचा असा धरून थांबली होतीस, श्वाससुद्धा घेत नव्हतीस. मला वाटलं, तू काहीतरी ऐकते आहेस. ऐकणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही, हे आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून थांबलो. खिडकीतून बघत होतो, तुझं झालं की सांगू. तेवढ्यात वर कबुतरं ओरडायला लागली.”

“मग?”

“मग राहून गेलं.”

व्हरांड्यात लोक ढाली काखेत मारून पावांच्या रांगेत उभे होते. बोग्नाला आतून काहीतरी वर येताना जाणवलं आणि ते रडू असेल म्हणून तिने तोंड पुसलं, पण ते हसू होतं, पार तळातून आलेलं, आणि ते थांबेना. तिने पाव आलोइझच्या हातात दिला आणि ती बाकावर चढली. नियम तो नियम. “दहा!” ती सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडली.

“आता कशाला?” ड्रॅगनाने विचारलं.

तिने आलोइझकडे बोट केलं. ड्रॅगनाने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, दोन्ही हातांत दोन पाव, टोपीवर साखळीचा गंज. “मी नऊ दिले असते,” तो म्हणाला.

“नऊच बरोबर आहेत,” आलोइझ म्हणाले. “उशिराचा एक कापायलाच हवा.”

“दहा,” बोग्ना वरून म्हणाली.